यादीत टाकलं की ऐकतात

एक स्टार दिला मी. त्याच्या खाली देता येत न्हाई, न्हाईतर तेवढा बी दिला नसता.

यादीसखी असं त्या अॅपचं नाव. घरातल्या कामाची यादी करायची, काम झालं की टिक मारायची, एवढंच त्याचं काम. सखी म्हणे! पूर्णा स्टेशनच्या बाहेर धम्मानंदचं मोबाईलचं दुकान हाय. तिथं स्टुलावर बसून मी सांगत गेलो आन् त्यानं लिहून घेतलं. 'तुमच्या अॅपनं माझ्या मेलेल्या बायकोचा आवाज पुसला. मला न विचारता पुसला. तुमाला बायका-पोरं हायेत का न्हाईत? आवाज परत द्या. सिद्धोधन, निवृत्त चाबीवाला, रेल्वे, पूर्णा.'

"काका, ते चाबीवाला कशाला टाकायलात?" धम्मानंद म्हणला.

"ऱ्हाऊ दे. एकतीस वर्षं रुळाच्या चाब्या ठोकल्यात मी. कुण्या रिकामटेकड्यानं लिहिलेलं न्हाई, हे कळू दे त्यांना."

मला सगळे आवाज नको होते. एकच पाहिजे होता, अठ्ठेचाळीस सेकंदाचा. त्यात माझी बायको सुकेशनी आमच्या लेकीबद्दल बोलली होती. आन् लेक, अपेक्षा, महिनाभर दर रविवारी पुण्याहून फोन करून तेवढंच मागायली होती. आईचा आवाज पाठवा, बाबा. दुसरं काही नको मला.

ही यादी आमच्या घरात आणली ती बी अपेक्षानंच. मी रिटायर झालो आन् घरात बसलो. सुकेशनी काम सांगायची, मी 'हो' म्हणायचो आन् इसरून जायचो. ती म्हणायची, "तुमच्या कानात रुळाचा खडखडाट भरलाय, माझं बोलणं कुठून घुसंल!" दोघांची रोजची कुरबुर ऐकून पोरगी बेजार झाली. सुट्टीला आली तवा तिनं दोघांच्या फोनमंदी हे अॅप टाकलं. यादी एकच, दोन्ही फोनवर दिसायची. सुकेशनीला टाईप करायचा कंटाळा, म्हणून ती माईकचं बटन दाबायची आन् बोलायची. "ओ, गिरणीवरून डबा आणा. आन् येताना चौकात गप्पा हाणत बसू नका." स्वयंपाकघरातून बोलायची, मी बैठकीत बसून फोनवर ऐकायचो. शेजारच्या मालनबाई हसून हसून लोटपोट व्हायच्या.

पण माझं जमलं. सकाळी आठ वाजता यादी उघडायची, पहिलं काम ऐकायचं, करायचं, टिक मारायची, मंग दुसरं. चाबीवाल्याची नोकरीच तसली असती. सकाळी हातोडा खांद्यावर टाकून आपल्या हद्दीतला रूळ पायी चालायचा, एक एक चाबी, म्हणजे रूळ घट्ट धरणारी लोखंडी पाचर, बघायची, ढिली दिसली की ठोकायची, आन् शेवटी डायरीत सही करायची. उद्यावर काही टाकायचं न्हाई. तुमची चाबी ढिली हाय म्हणून गाडी थांबत न्हाई. साहेब कधी 'पेंडिंग' म्हणला की मला आईवरून शिवी दिल्यागत वाटायचं.

असो. स्टार दिल्यावर मी लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला बसलो. वाटलं, माझ्यासारखे लय असतील, सगळे मिळून कंपनीच्या मागं लागू. कशाचं काय! एकानं लिहिलं, 'दुधाचा हिशोब ठेवायला मस्त.' एकाचे दोन स्टार, कामून तर हिरवा रंग आवडला न्हाई. रंग! एक म्हणतो, जाहिराती बंद करा. एकानं नुसतंच 'गुड' लिहून पाच स्टार देऊन टाकले. आन् एका बाईनं लिहिलं होतं, 'झालेली कामं महिन्याभरानं आपोआप पुसली जातात, मला हे फार आवडलं, डोकं हलकं राहतं.' डोकं हलकं! त्या बाईला मी मनातल्या मनात जे बोललो ते सांगण्यासारखं न्हाई. तिचा बिचारीचा काय गुन्हा? तिच्या यादीत मेथी आन् साबण असंल.

आता अपेक्षाचं सांगतो.

पुण्यात नोकरीला लागली, आन् तिथल्याच एका पोरासंगं तिनं रजिस्टर लग्न केलं. आमाला विचारलं न्हाई, सही झाल्यावर फोन केला. पोरगा वाईट न्हाई, हे मला आज कळतंय. तवा माझं डोकं फिरलं. मी फोन घेतला न्हाई. सुकेशनीच्या हातात दिला, स्पीकर लावला आन् तिच्यासमोर उभा ऱ्हाऊन म्हणलो, "सांग तिला." काय सांगायचं ते बी मीच आधी पढवलं होतं. सुकेशनीनं माझ्याकडं बघितलं, आन् फोनमंदी म्हणली, "आजपासून आमाला तोंड दाखवू नको." तिकडून पोरगी 'आई, आई' म्हणायली होती. मी फोन बंद केला. घरात हुकूम काढला, तिचं नाव घ्यायचं न्हाई. चौदा महिने कुणी घेतलं न्हाई.

आईच्या तोंडचं लेकीनं ऐकलेलं शेवटचं वाक्य तेच ऱ्हायलं. बोलली सुकेशनी, पण ते माझं होतं.

मंग सुकेशनीला कावीळ झाली. आमी साधी समजलो, पण ती लिव्हरवर गेली. नांदेडला दवाखान्यात टाकलं. अकरा दिवस मी तिच्या खाटेजवळून हललो न्हाई, फक्त औषधं आणायला खाली जायचो. त्या अकरा दिवसांत मी यादी उघडली न्हाई. ती जवळ होती ना, मंग कशाची यादी? काय पाहिजे ते तोंडानं सांगंल. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "ओ, यादी बघितली का?" मी म्हणलो, "आधी बरी हो, मंग घरी जाऊन लाव कामाला." आठव्या दिवशी तिनं परत विचारलं. मी खेकसलो तिच्यावर. रात्र रात्र जागलो होतो, डॉक्टर नीट बोलायला तयार न्हवता, त्याचा सगळा राग तिच्यावर निघाला. म्हणलो, "मरायला टेकलीस तरी तुझी गिरणी आन् डबे सुटत न्हाईत का?" ती तोंड फिरवून पडली. त्याच्यानंतर तिनं विचारलं न्हाई.

अकराव्या दिवशी ती गेली.

अपेक्षाला मालनबाईनं कळवलं. ती आली, आईचं थंडगार तोंड हातात धरून बसली. तिच्या नवऱ्यानं दारातून मला जयभीम केला, मी मान हलवली. जाताना तिनं विचारलं, "बाबा, आई माझ्याबद्दल काही बोलली का?" मी म्हणलो, "न्हाई." खरं तेच सांगितलं मी. तवा मला म्हाईत न्हवतं.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सवयीनं मी यादी उघडली. त्यात सुकेशनीची एकोणीस कामं पडून होती, बहुतेक दवाखान्यात जायच्या आदल्या रात्री बोलून ठेवलेली. एकोणीस आवाज.

मी पहिला लावला. "ओ, मालनबाईचा कुकर आपल्याकडंच हाय, देऊन या." तिचा धडधाकट, घरातला आवाज. मी खाली बसलो आन् लेकरागत रडलो. मंग उठलो, कुकर घासला आन् देऊन आलो. टिक मारली. विहारातला पंखा बंद पडला होता, मिस्त्रीला धरून आणला. टिक. गोधड्या धुतल्या. टिक. तिच्या बहिणीला चारठाण्याला जाऊन साडी देऊन आलो. टिक. आठ दिवसांत अठरा कामं केली. मला वाटलं, ह्याच्यापरीस मोठी श्रद्धांजली कोणती? माझ्या बायकोचं एक काम बी मी पेंडिंग ठेवलं न्हाई. गल्लीतल्या बायका एकमेकींना सांगायल्या होत्या, नवरा असावा तर असा.

एकोणिसावा आवाज अठ्ठेचाळीस सेकंदाचा होता. तो घरातला न्हवता, दवाखान्यातला होता. मागं सिस्टर कुणाला तरी ओरडायली होती. तो ऐकून मी अपेक्षाला फोन लावला आन् म्हणलो, "आईचा तुझ्यावर राग न्हवता. यादीत बोलून गेली ती."

लेक म्हणली, "मला बरं वाटावं म्हणून सांगायलात तुमी."

"न्हाई गं. खरंच."

"मंग पाठवा ना मला. तिच्या आवाजात ऐकायचंय. माझ्या कानात तिचं ते एकच वाक्य हाय बाबा, रोज वाजतंय."

"पाठवतो," म्हणलो. आन् निरोप पोचवला म्हणून टिक मारली.

पाठवला न्हाई. एका रविवारी म्हणलो, नेट न्हाई. दुसऱ्या रविवारी म्हणलो, जमत न्हाई, धम्मानंदकडून करून घेतो. तिसऱ्या रविवारी चार्जर बिघडलाय म्हणलो. कामून पाठवला न्हाई, ते बी सांगतो, पळणार न्हाई मी. पाचव्या रविवारी हिंमत केली. आता पाठवायचाच, म्हणून अॅप उघडलं तर यादी कोरी. कुकर न्हाई, पंखा न्हाई, गोधड्या न्हाईत, ते अठ्ठेचाळीस सेकंद न्हाईत. टिक मारलेलं तीस दिवसांनी पुसून टाकतंय म्हणे. प्रत्येक टिक माझ्याच बोटानं मारलेली.

अपेक्षाला सांगितलं तर ती एवढंच म्हणली, "मला म्हाईत होतं. काही न्हवतंच त्यात." माझ्यावर चिडली बी न्हाई. पुढच्या रविवारपासून तिनं आवाज मागायचं सोडलं. 'जेवलात का, गोळी घेतली का' एवढंच विचारायची. आई रागातच गेली असं तिनं धरून टाकलं, आन् मी तिला काही दाखवू शकत न्हवतो. तवा जाऊन मी धम्मानंदच्या दुकानात बसलो आन् तो एक स्टार दिला.

कंपनीचं उत्तर आलं. 'प्रिय सिद्धोधन जी, आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. पुसलेल्या नोंदी आमच्याकडे राहत नाहीत. ज्या फोनवर आवाज नोंदवला होता, त्या फोनवर प्रत शिल्लक आहे का ते कृपया पहावे. आपला दिवस शुभ असो!'

दिवस शुभ असो. हाणावं का काय त्यांना!

पण आशा लागली. सुकेशनीचा फोन कपाटात तिच्या साड्यांखाली पडला होता, बॅटरी मेलेली. तो घेऊन मी तडक दुकान गाठलं. दुपारचे बारा वाजले असतील. धम्मानंदनं हातातलं गिऱ्हाईक सोडलं आन् फोन चार्जिंगला लावला. पंधरा मिनिटांनी फोन उठला. यादीसखी उघडलं. हिरव्या अक्षरात लिहून आलं, 'सगळी कामं झाली! शाब्बास!'

धम्मानंदनं फोनचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. घाम आला त्याला. शेवटी म्हणला, "न्हाई काका. इथून बी गेलंय."  त्याला माझी दया आली असंल. म्हणला, "एक करू, काकूच्या फोनवरून बी एक स्टार देऊ. दोन तक्रारी झाल्या की जरा दखल घेतील." मी म्हणलो, "दे."

त्यानं अॅपचं पान उघडलं आन् थबकला. "काका, काकूनं आधीच दिलेत. पाच."

"काय लिहिलंय? वाच." माझा चष्मा घरी होता.

त्यानं वाचलं. तारीख दवाखान्याच्या आधी दीड महिन्याची होती. बोलूनच लिहिलेलं असणार, सगळं तिच्याच तोंडचं. 'लय चांगलं अॅप हाय. माझे मिस्टर रेल्वेत होते. काही गोष्टी त्यांना तोंडावर सांगता येत न्हाईत, राग येतो त्यांना. पण यादीत टाकलं की ऐकतात. आजपर्यंत एक बी काम पडू दिलं न्हाई त्यांनी. माझ्या लेकीनं घालून दिलंय हे. सगळे स्टार तिला.'

धम्मानंद म्हणला, "काय करू काका, बदलू का?"

मी फोन त्याच्या हातातून घेतला आन् दुकानातून उतरलो.  रिक्षावाला शिव्या देऊन गेला. यादीत टाकलं की ऐकतात. जगाला सांगून ठेवलं होतं तिनं. तोंडावर लेकीचं नाव घ्यायची सोय मी ठेवली न्हवती, म्हणून तिनं ते यादीत टाकलं. तिला पक्कं ठाऊक होतं, उद्या सकाळी आठ वाजता नवरा ऐकणार. दोनदा विचारलं बी. आन् मी काय म्हणलो तिला, ते तुमी ऐकलंच.

मी आवाज पाठवला न्हाई त्याचं कारण एवढंच, की त्यात जे होतं ते अपेक्षानं ऐकलं असतं तर माझ्यामुळं काय हुकलं ते तिला कळलं असतं. मला सुटका पाहिजे होती. यादी कोरी दिसली त्या सकाळी मी ओरडलो, रडलो, कंपनीला शिव्या दिल्या, सगळं खरं. पण त्याच्या आधी एक क्षण मला हायसं वाटलं होतं. हे मी कुणाला सांगितलं न्हाई. आज सांगायलोय. थू माझ्या जिंदगीवर.

घरी आलो. रविवार न्हवता, तरी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती, घाबरली. "काय झालं बाबा? बरं न्हाई का?"

"मी बरा हाय. बाहेर जाऊन बस कुठं तरी. तुझी आई काय म्हणली ते सगळं सांगतो. मला पाठ हाय."

"बाबा, ऱ्हाऊ द्या ना आता."

"ऐक."

आन् मी म्हणून दाखवलं. जिथं तिला दम लागला होता तिथं थांबत थांबत म्हणलं. "ओ, अपेक्षाला आजच फोन लावा. तिला म्हणावं, त्या दिवशी बोलले ते माझ्या मनातलं न्हवतं. मला तिला बघायचंय. माझ्यावर रागवा तुमी, काय बोलायचं ते बोला, पण तिला बोलवा. रात्रीच्या गाडीत बसली तर सकाळी इथं येती. जावयाला बी आणावं म्हणा. मी वाट बघायले."

अपेक्षा हळूच म्हणली, "कधीचं हाय हे?"

"दवाखान्यात गेलो त्याच्या दुसऱ्या दिवशीचं. मी औषधं आणायला खाली गेलतो, तवा बोलली."

"तुमी कधी ऐकलं?"

"विधी झाल्यावर."

ती मनात दिवस मोजत असंल. मला श्वास ऐकू यायला होता तिचा. खोटं बोलायला मला तवा बी जागा होती, पण मी बोललो न्हाई.

"आई दाराकडं बघायची का?"

"बघायची. कुणाचा बी पाय वाजला की बघायची. मला वाटायचं, डॉक्टरची वाट बघायली."

आता तिनं इस्वास ठेवला. ते माझ्या लगेच ध्यानात आलं. ह्यासाठीच तर मी कंपनीसंगं भांडलो होतो, आईचा राग न्हवता हे तिला पटावं म्हणून. पटलं, आन् माझी पोर अशी रडली, की तिच्या आईच्या मयताला बी रडली न्हवती. मी म्हणत ऱ्हायलो, "तिचा निरोप होता बाळा, माझ्याकडं पडून होता. मी पोचवला न्हाई. माझी गलती हाय, मला काय बोलायचं ते बोल."

 रडणं जरा थांबलं तवा तिनं विचारलं, "बाबा, तिनं मला बोलवलं होतं ना? मंग आता कुठं येऊ मी?"